मानलेलीं नातीं

आपल्या भाषेंत नात्याच्या आधीं ‘मानलेला’ हा शब्द लावण्याची जुनी रीत आहे. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानलेली आई असें आपण सहज म्हणतों. आणि तसें म्हणतांना बोलणाराच्या मनांत थोडा अभिमान व ऐकणाराच्या मनांत थोडी शंका असते. अभिमान अशासाठीं कीं, हें नातें जन्मानें पदरांत पडलेलें नसून आपण होऊन जोडलेलें असतें. शंका अशासाठीं कीं, जें आज मानलें तें उद्यां न मानण्यास कोणाची हरकत नसते. सख्ख्या भावाशीं भांडण झालें तरी तो भाऊच राहतो. मानलेल्या भावाशीं अबोला धरला कीं नात्याचा मागमूसहि उरत नाहीं. म्हणूनच व्यवहारी माणसें असल्या नात्यांचें कौतुक भाऊबीजेच्या ताटापुरतें करतात, आणि घराची वाटणी किंवा मुलीचें लग्न असा प्रसंग आला कीं रक्ताच्या माणसांस बोलावूं धाडतात.

राजकीय कारस्थानांच्या ज्या उत्कंठावर्धक कादंबऱ्या व चित्रकथा आज घरोघर वाचल्या आणि पाहिल्या जातात, त्यांत मात्र याच मानलेल्या नात्यांचा जयजयकार असतो. कोणी मोटारचालक, कोणी रुग्णालयांतील परिचारिका, कोणी सेवानिवृत्त कारकून, कोणी अनाथ पोर, अशीं एकमेकांस कधीं न पाहिलेलीं साधीं माणसें एका मोठ्या राजकीय कटाच्या कचाट्यांत सांपडतात. सत्तेचीं कुत्रीं त्यांचा माग काढीत येतात. आणि पळतां पळतां, लपतां लपतां तीं एकमेकांचीं होऊन जातात. शेवटच्या प्रकरणांत तीं एका ताटाभोंवतीं बसलेलीं दिसलीं कीं वाचकाचे डोळे पाणावतात. आमचेहि पाणावतात, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. परंतु पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट मनांत टोंचत राहते. या कथांतील नायक बहुधा एकटा असतो. त्याची बायको वारलेली असते, मूल नसतें, भाऊबंद दुरावलेले असतात. लेखकानें त्याचें खरें घर आधींच रिकामें करून ठेवलेलें असतें, म्हणून नव्या घरास जागा होते. एकट्यानें जिवावर उदार होणें अवघड खरें, पण तें कोडें नव्हे. कोडें पडतें तें निराळ्याच माणसास. त्याच्या आंतल्या खोलींत मुलें निजलीं आहेत, बायको उद्यांच्या न्याहारीचा विचार करीत आहे, आणि अशा वेळीं दारावर थाप पडते. दारांत उभा असलेला माणूस म्हणतो, ‘मला रात्रभर ठेवून घ्या.’ त्याला ठेवून घेतल्याचें उघडकीस आलें तर शिक्षा एकट्या गृहस्थास होणार नाहीं. अशा वेळीं परक्यासाठीं आपल्या पोटच्या मुलांस पणास लावण्याचा अधिकार त्या गृहस्थास आहे काय?

हा प्रश्न टाळून पुढें न गेलेली एक कादंबरी आहे, आणि तिच्याच आधारें आम्ही येथें चार विचार मांडणार आहों. आन्ना झेगर्स या जर्मन लेखिकेची ‘सातवा क्रूस’ ही ती कादंबरी. झेगर्सबाईंचा जन्म १९०० सालीं ऱ्हाईन नदीच्या कांठीं वसलेल्या माइंट्स शहरांत एका ज्यू कुटुंबांत झाला. त्या साम्यवादी मताच्या होत्या. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता गेल्यावर त्यांना देश सोडावा लागला, आणि फ्रान्समध्यें परागंदा असतांना त्यांनीं ही कादंबरी लिहिली. १९४० सालीं जर्मन सैन्य पॅरिसमध्यें शिरलें तेव्हां त्यांचे पती स्थानबद्ध होते व पदरीं दोन मुलें होतीं. तशा स्थितींत त्या दक्षिणेकडे निसटल्या, आणि १९४१ सालीं मार्सेय बंदरांतून निघून शेवटीं मेक्सिकोस पोहोंचल्या. हस्तलिखिताच्या मोजक्या प्रतींपैकीं अमेरिकेस गेलेली एक वांचली. १९४२ सालीं तिचा इंग्रजी अनुवाद बोस्टन येथें व मूळ जर्मन ग्रंथ मेक्सिकोंत प्रसिद्ध झाला. १९४४ सालीं हॉलिवुडांत तिचा चित्रपटहि निघाला. पाठलागाची कथा म्हणून ती वाचकास श्वास घेऊं देत नाहीं. पण तिचें खरें मोल पाठलागांत नाहीं.

कथानक १९३७ सालच्या शरदृतूंतलें आहे. वेस्टहोफेन नांवाच्या एका कल्पित बंदिछावणींतून सात कैदी पळून जातात. छावणीचा अधिकारी फारेनबेर्ग हा आवारांतील सात झाडांचे शेंडे छाटून टाकवितो, खांद्याइतक्या उंचीवर त्यांना आडव्या फळ्या ठोकवितो, आणि सात दिवसांच्या आंत सातहि जणांस या सात क्रुसांशीं आणून उभें करीन अशी प्रतिज्ञा करतो. सहा जणांची वाट लागते. कोणी पकडला जातो, कोणी पाठलागांत मरतो, एकजण धीर सुटून आपण होऊन हजर होतो, आणि एक म्हातारा शेतकरी आपल्या गांवाच्या शिवेशीं पोहोंचून तेथेंच प्राण सोडतो. सातवा क्रूस मात्र रिकामा राहतो. तो गेऑर्ग हाइस्लर नांवाच्या तरुण कामगाराचा. गेऑर्ग कांहीं देवमाणूस नव्हे. तो चंचल आहे. बायकोला व लहान मुलाला टाकून तो दुसरीकडे रमलेला होता. लेखिकेनें हें मुद्दाम केलें असावें असें आम्हांस वाटतें. दारावर येणारा माणूस संतच असेल तर दार उघडण्याचें पुण्य फार स्वस्त होतें.

आतां गंमत अशी कीं, गेऑर्गला वांचविण्यांत त्याच्या रक्ताच्या नात्यांचा कांहीं उपयोग होत नाहीं. तीं माणसें वाईट आहेत म्हणून नव्हे. तीं सरकारदप्तरीं नोंदलेलीं आहेत म्हणून. त्याच्या आईच्या घरावर पहारा आहे. दुरावलेली पत्नी एल्ली हिच्या घरावर पहारा आहे. तिच्याकडे येऊं पाहणारा एक भलताच तरुण गेऑर्ग समजून धरला जातो. एल्लीचे वडील मेटेनहाइमर हे भिंतींना कागद चिकटविण्याच्या धंद्यांतले एक सरळमार्गी कारागीर. त्यांस गुप्त पोलिसांच्या कचेरींत बोलावून धाक घातला जातो. म्हणजे जेथें जेथें रक्ताचा धागा आहे तेथें तेथें राजसत्तेनें आधींच गळ टाकून ठेवला आहे. नात्यांची वंशावळ हीच पोलिसांची यादी. पण मैत्रीची वंशावळ कोणत्याहि कचेरींत ठेवलेली नसते. लहानपणीं एका गल्लींत कोण कोणाबरोबर चेंडू खेळलें, हें कोणत्या वहींत लिहिलेलें असणार? तेवढ्याच एका भोंकांतून गेऑर्ग निसटतो.

तो भोंक म्हणजे पाउल रोडर. बुटका, हंसतमुख, कारखान्यांत राबणारा साधा कामगार. नव्या राज्यांत त्याला काम मिळालें आहे, घरांत पोरांचा कलकलाट आहे, पत्नी लीझेल संसारांत गढलेली आहे. राजकारणाशीं त्याला कर्तव्य नाहीं. बाळपणचा मित्र दारांत उभा दिसतांच तो त्याला आनंदानें आंत घेतो, जेवूं घालतो. हा मित्र तुरुंग फोडून आला आहे हें त्याला ठाऊकच नसतें. गेऑर्ग तें सांगून टाकतो. सांगितल्यानंतर पाउलच्या तोंडावरचें हसूं कसें मावळतें, आणि त्यानंतर हा पोरगेलासा माणूस कसा हळूहळू प्रौढ होतो, हा भाग आमच्या मतें कादंबरीचा गाभा होय. तो आपल्या एका खमक्या आत्याकडे गेऑर्गला कामगार म्हणून ठेवतो. निरोप घेऊन जुन्या ओळखीच्या माणसांकडे जातो. एकजण त्याला ओळख देत नाहीं, तरी तो खचत नाहीं. अखेरीस कारखान्यांतल्या एका सोबत्याजवळ तो मन मोकळें करतो. तेथून धागा पुढें सरकतो. कोणी एका रात्रीचा निवारा देतो, कोणी मोटारींतून नेतो, कोणी बनावट पारपत्र व पैसे पोहोंचवितो, आणि ऱ्हाईन नदींतल्या एका डच बोटीवर गेऑर्गला जागा मिळते. मध्यें पाउलला गुप्त पोलिसांचें बोलावणें येतें. घरांत लीझेल वाट पाहत बसते. तो न डगमगतां खोटें बोलतो व सुटून घरीं येतो.

या धाग्यांत गुंफलेलीं माणसें एकमेकांस ओळखत नाहींत, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत घ्यावी. प्रत्येकाला फक्त आपल्या आधींचा व नंतरचा दुवा ठाऊक. हाताला कांचेनें झालेली जखम बांधणारा ज्यू डॉक्टर, ‘मी ज्यू आहें’ हें कायद्याप्रमाणें रोग्यास आधीं सांगतो आणि कांहीं न विचारतां पट्टी बांधून देतो. शेतकीच्या शाळेंतल्या एका पोराचें नवें जाकीट गेऑर्गनें चोरलेलें असतें. पोरगा आधीं रागानें तडफडतो. पण तें जाकीट सांपडल्यावर पोलिस त्याच्यापुढें धरतात तेव्हां तो ‘हें माझें नव्हे’ असें सांगतो. त्या एका खोट्या वाक्यानें माग चुकतो. या पोरानें गेऑर्गला कधीं पाहिलेंहि नाहीं. हीं सर्व माणसें कधीं एका ताटाभोंवतीं बसणार नाहींत, एकमेकांचीं नांवें जाणणार नाहींत, कोणी कोणास राखी बांधणार नाहीं. आणि तरी ज्यास आपण कुटुंब म्हणतों, त्याचें सर्वांत कठीण काम त्यांनीं केलेलें असतें. लोकप्रिय कथांतलें मानलेलें कुटुंब आणि हें कुटुंब यांत एवढेंच अंतर आहे कीं, तेथें प्रेम दिसतें आणि येथें विश्वास दिसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. परक्यासाठीं आपलें माणूस पणास लावावें काय, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाहीं. शरण आलेल्या कबुतरासाठीं शिबि राजानें आपल्या अंगाचें मांस तराजूंत घातलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. पण शिबीनें मांस घातलें तें स्वतःचें. त्याच्या शेजारीं त्याचें मूल बसविलें असतें तर तीच कथा आपण मुलांना सांगितली असती काय? याहून जवळचा दृष्टान्त महाभारतांतल्या एकचक्रा नगरीचा आहे. पांडव तेथें वेष पालटून एका ब्राह्मणाच्या घरीं राहत होते. बकासुराकडे जाण्याची पाळी त्या घरावर आली, तेव्हां कुंतीनें आपण होऊन सांगितलें कीं तुमच्या घरचें कोणी जाऊं नये, माझा मुलगा जाईल. धर्मराजाला हें कळतांच तो आईवर रागावला. परक्याच्या मुलासाठीं आपल्या मुलावर पाणी सोडणें हा कुठला धर्म, असा त्याचा रोख. साक्षात् धर्मराजानें जो आक्षेप घेतला तो आजचा कोणी गृहस्थ घेईल तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं. कुंतीनें उत्तर दिलें तें दुहेरी: ज्या घरानें आसरा दिला त्याचें ऋण फेडलें पाहिजे, आणि भीमाचें बळ मला ठाऊक आहे. उत्तराचा पहिला भाग थोर आहे. पण दुसरा भाग पाउल रोडरच्या पदरांत नाहीं. त्याच्या मुलांत भीम कोणी नाहीं. कुंतीला शेवट माहीत होता. त्याला माहीत नाहीं. म्हणून त्याचें कोडें कुंतीच्या कोड्याहून अवघड आहे.

आक्षेप घेणाराचें म्हणणें आम्ही होईल तितक्या जोरानें मांडतों. बापाचा प्राण हा बापाचा. तो त्यानें कोणासाठींहि द्यावा. पण मुलांचा प्राण ही त्याच्याकडे ठेवलेली ठेव आहे. ठेवींतून दान करणें हा दानधर्म नव्हे, अपहार होय. मुलांस कोणी विचारलेलें नाहीं. परका माणूस पकडला जाईल हें दुःख खरें. पण जगांत पकडलीं जाणारीं माणसें अगणित आहेत, आणि त्या सर्वांस पुरेल एवढें दार कोणाच्याच घराला नाहीं. मग ज्यांचें रक्षण निश्चितपणें आपल्यावर सोंपविलें आहे त्यांना सोडून, योगायोगानें दारीं आलेल्यास जवळ करणें हें नीतीचें कीं भावनेच्या लाटेचें लक्षण? या युक्तिवादांत आम्हांस कोठेंहि खोट सांपडत नाहीं. आणि नेमकी हीच गोष्ट आम्हांस बेचैन करते. कारण अगदीं हाच युक्तिवाद जुलमी राजसत्ता प्रत्येक घरांत, प्रत्येक बापाच्या कानांत कुजबुजत असते.

जुलमाचें यंत्र केवळ बंदुकांवर चालत नाहीं. तेवढे शिपाई कोणत्याहि राजाजवळ नसतात. तें चालतें मायेवर. ‘तुला मुलें आहेत ना?’ हा एक प्रश्न हजार शिपायांचें काम करतो. १९४४ सालच्या जुलैच्या २० तारखेस हिटलरला ठार मारण्याचा कट फसला. त्यानंतर कटवाल्यांच्या नातेवाइकांना केवळ नातेवाईक म्हणून धरण्यांत आलें, आणि कटाचा प्रमुख श्टाउफेनबेर्ग याच्या मुलांना आईपासून तोडून, नांवें बदलून, दूरच्या एका बालगृहांत ठेवण्यांत आलें. कुटुंब हें पवित्र आहे असें जी सत्ता रात्रंदिवस सांगत होती तिनेंच कुटुंबाचा ओलीस म्हणून उपयोग केला. तेव्हां ‘मी माझ्या मुलांसाठीं दार लावतों’ असें म्हणणारा माणूस आपल्या मुलांना वांचवितो खरा; पण ज्या यंत्रांत उद्यां तींच मुलें सांपडावयाचीं आहेत त्या यंत्रालाहि तो तेल घालीत असतो. आक्षेपकाच्या हिशेबांत ही रक्कम मांडलेली नसते. घर वांचविणें म्हणजे केवळ घरांतलीं माणसें वांचविणें नव्हे. तें घर कशाचें म्हणून ओळखलें जाईल तेंहि वांचविणें आहे.

याच्या उलट बाजूहि पाहिली पाहिजे, नाहींतर आम्हीच भावनेच्या लाटेवर चढलों असें होईल. हान्स फालाडा या दुसऱ्या जर्मन कादंबरीकाराची ‘प्रत्येकजण एकटाच मरतो’ ही कादंबरी १९४७ सालीं निघाली. ती हातीं येण्यापूर्वींच, त्याच वर्षाच्या आरंभीं, लेखकाचा अंत झाला होता. तिच्या मुळाशीं बर्लिनच्या ओट्टो व एलिझे हांपेल या कामगार दांपत्याची खरी हकीकत आहे. एलिझेचा भाऊ युद्धांत पडल्यावर या दोघांनीं १९४० पासून १९४२ पर्यंत हिटलरविरुद्ध मजकुराचीं दोनशेंहून अधिक पत्रें व कार्डें हातानें लिहून शहरांतल्या जिन्यांवर ठेवलीं. त्यांतलीं बहुतेक सांपडणारांनीं घाबरून पोलिसांच्या स्वाधीन केलीं. १९४३ च्या एप्रिलमध्यें दोघांचा शिरच्छेद झाला. कादंबरींत भावाच्या जागीं एकुलता मुलगा आहे, आणि ओट्टो हा अबोल, कंजूष, कोणांत न मिसळणारा कारखान्यांतला फोरमन आहे. त्याची झुंज एकट्याची. तिला दुवे नाहींत, धागा नाहीं. ज्यांनीं कार्डें पोलिसांस नेऊन दिलीं त्या शेंकडों लोकांचें काय? तेहि कोणाचे तरी बापच होते. त्यांनाहि मुलें होतीं. त्या सर्वांस दुष्ट म्हणणें सोपें आहे. पण खरें म्हणजे ते फक्त घाबरलेले होते. आणि तरी ओट्टोलाहि शेवटीं एक माणूस मिळतो. तुरुंगाच्या कोठडींत त्याची एका संगीतज्ञाशीं गांठ पडते. तो त्याला बुद्धिबळ शिकवितो. आयुष्यभर कोणाशीं चार शब्द न बोललेल्या माणसाला मित्र मिळतो तो मृत्यूच्या उंबरठ्यावर. ग्रंथाचें नांव कांहींहि असो, ओट्टो पुरता एकटा मरत नाहीं.

या दोन पुस्तकांतून आम्ही एक भेद शिकलों. दार न उघडणें एक, आणि दारावरच्या माणसास धरून देणें दुसरें. ‘सातवा क्रूस’मध्यें गेऑर्गची पूर्वींची प्रेयसी लेनी आहे. तिच्याकडे पोहोंचण्याच्या आशेवर तो सारी वाट तुडवितो, आणि ती त्याला ओळखच देत नाहीं. आम्हांस तिची कींव येते, पण तिला फांसावर चढवावें असें वाटत नाहीं. भय हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याकडून वीरत्वाची मागणी करण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. ती मागणी फक्त स्वतःकडे करावयाची असते. गुन्हा घडतो तो पुढच्या पायरीवर, माणूस आपल्या भयाला कर्तव्य असें नांव देतो तेव्हां. ‘मी भ्यालों’ असें म्हणणारा उद्यां कदाचित् दार उघडील. ‘मी माझ्या मुलांशीं असलेलें कर्तव्य केलें’ असें म्हणणारा पुन्हा कधींच उघडणार नाहीं. कारण त्यानें आपलें दार बंद नसून तें भिंतच आहे असें स्वतःस पटवून दिलें आहे.

हा भेद स्वतः लेखिकेच्या चरित्रांत किती कठोरपणें उमटला तें सांगितल्याशिवाय आम्हांस पुढें जातां येत नाहीं. युद्धानंतर १९४७ सालीं झेगर्सबाई बर्लिनला परतल्या. तोंपर्यंत त्यांची आई नाझींच्या हातीं बळी पडलेली होती. पूर्व जर्मनींत त्यांना मोठा मान मिळाला. तेथील लेखकसंघाच्या त्या अनेक वर्षें अध्यक्ष होत्या. १९५७ सालीं वाल्टर यांका नांवाच्या प्रकाशकावर राज्याविरुद्ध कारस्थान केल्याचा खटला तेथें भरला. हा यांका म्हणजे, मेक्सिकोंत ‘सातवा क्रूस’चें जर्मन पुस्तक ज्या परागंदांच्या प्रकाशनसंस्थेनें काढलें तिचाच चालक. खटल्याच्या वेळीं झेगर्सबाई न्यायालयांत बसलेल्या होत्या. त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत. यांकाला पांच वर्षांची शिक्षा झाली. आंतून त्यांनीं राज्यकर्त्यांकडे रदबदली केली असें पुढें सांगितलें गेलें. पण उघड्या सभेंत त्या गप्प राहिल्या ही गोष्ट खरी. हें वाचून आम्हांस प्रथम धक्का बसला, मग राग आला, आणि नंतर बरेंच दिवस विचार केल्यावर आपलीच थोडी लाज वाटली. आम्हीं पुस्तकाच्या कर्तीला पाउल रोडर समजून बसलों होतों. जिनें दार उघडण्याची एवढी मोठी कथा लिहिली तिलाहि एका दिवशीं दाराआड बसावें लागलें, यावरून कादंबरी खोटी ठरत नाहीं. एवढेंच ठरतें कीं, हा गुण कोणाच्या अंगीं कायमचा वस्तीस येत नाहीं. तो दर वेळीं नव्यानें कमवावा लागतो, आणि जुन्या पुण्याईवर नवी थाप परतवून लावतां येत नाहीं.

हे सर्व प्रसंग परमुलखांतले म्हणून आपण निश्चिंत राहावें असेंहि नाहीं. १९४२ च्या चळवळींत अच्युतराव पटवर्धन व क्रांतिसिंह नाना पाटील हे १९४६ पर्यंत इंग्रज सरकारच्या हातीं लागले नाहींत. चार वर्षें माणूस भूमिगत राहतो तो भूमीच्या पोटांत नव्हे, कोणाच्या तरी माजघरांत राहतो. त्या माजघरांचे मालक इतिहासांत नाहींत. सातारा जिल्ह्यांतल्या ज्या बायांनीं रात्रीं अपरात्रीं भाकऱ्या थापल्या, पाहुणा कोण असें पोरांनीं विचारतांच ‘तुझा मामा आहे रे’ असें सांगून वेळ मारून नेली असेल, त्यांनीं नीतिशास्त्राचा कोणताहि ग्रंथ वाचलेला नव्हता. ‘मामा’ हा शब्द त्या क्षणीं खोटा होता. पण सगळ्या खऱ्या मामांहून तो अधिक खरा होता असें आम्हांस वाटतें.

‘आप्त’ हा शब्द आपण नातेवाईक या अर्थानें वापरतों. आप्तेष्टांस आमंत्रणें धाडतों, आप्तांच्या सुतकांत बसतों. न्यायशास्त्रांत मात्र आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबतां येतें असा माणूस. या दोन अर्थांची गांठ भाषेनें कां घातली असावी याचा विचार आम्ही पूर्वीं केला नव्हता. आतां वाटतें, रक्ताचें नातें हें विश्वासाचें पहिलें शिक्षण आहे, शेवटचें नव्हे. घरांत आपण शिकावें तें एवढ्याचसाठीं कीं घराबाहेर तें उपयोगीं पडावें. जें घर आपल्यापुरतेंच आप्त आहे, आणि उंबरठ्यापलीकडच्या कोणासहि नाहीं, तें शाळेंत आयुष्य घालवून एकहि धडा बाहेर न नेणाऱ्या विद्यार्थ्यासारखें होय.

मग गृहस्थास मुलांना पणास लावण्याचा अधिकार आहे काय? आमचें उत्तर असें कीं, नाहीं. तो अधिकार कोणासहि नाहीं. पण शरण आलेल्याला धरून देऊन त्या किंमतीवर मुलें वाढविण्याचा अधिकारहि त्याला नाहीं. दोहों बाजूंस अधिकार नाहीं, म्हणूनच यास धर्मसंकट म्हणतात. अशा जागीं पाउल रोडरनें जें केलें तें नियम म्हणून कोणावर लादतां येणार नाहीं. फक्त एक गोष्ट आम्ही सुचवूं. आक्षेपक म्हणाला कीं मुलांस कोणी विचारलें नाहीं. खरें आहे. पण आंतल्या खोलींतलीं मुलें दर वेळीं निजलेलीं असतातच असें नाहीं. दारावर थाप पडली म्हणजे तीं जागीं होतात, आणि पांघरुणांत पडल्या पडल्या बाहेरचें बोलणें ऐकत राहतात. बापानें दार उघडलें कीं लावलें, आणि लावतांना तो काय म्हणाला, हें त्यांना ऐकूं येतें. पुढें त्यांच्या दारावर थाप पडेल तेव्हां त्यांना दुसरें कांहीं आठवणार नाहीं.